ट्रक यायच्या आत दोन कार्बोरेटर

(घरामागची शेड, दारासमोरच मागचं फाटक. बॉनेट उतरवलेली जुनी गाडी. जमिनीवर पसरलेलं सामान आणि दोघींचे काळे हात.)

मुलगी : थांब! आत्या, थांब! हात वर कर! काय घेतलंयस ते?

आत्या : अगं, केवढ्यांदा ओरडतेस! माझंच हत्यार आहे, दवाखान्यातून आणलंय. या भोकात काहीतरी काळं अडकलंय, ते कोरून काढते.

मुलगी : कोरायचं नाही! ते जेट आहे, दाढ नाही!

आत्या : भोक ते भोक. घाण ती घाण. मी रोज हेच करते.

मुलगी : रोज दातांचं करतेस. या भोकातून किती पेट्रोल जाऊ द्यायचं ते ठरलेलं असतं. पितळ मऊ असतं गं. तुझी ती पोलादी सुई आत फिरली, भोक केसभर जरी मोठं झालं, तरी गाडी जन्मभर धूर ओकत बसेल.

आत्या : मग काय करू? पेशंटला गुळण्या करायला सांगू?

मुलगी : हो! अगदी तेच! आधी त्या डब्यातल्या औषधात बुडवून ठेव. मग टूथब्रशचा एक केस उपटून हळूच आतबाहेर कर. मग सायकलच्या पंपाने हवा मार. आणि उजेडाकडे धरून बघ, गोल चंद्र दिसला पाहिजे. पूर्ण. अर्धा नाही.

आत्या : बाप रे. तू माझ्या क्लिनिकमध्ये असतीस तर पेशंट पळून गेले असते. शी, वास तर बघ याला! जुन्या वार्निशच्या डब्यात तोंड घातल्यासारखं वाटतंय.

मुलगी : तेच झालंय त्याचं. अप्पाआजोबांनी जायच्या आधी शेवटचं भरलेलं पेट्रोल आहे ते. उडायचं ते उडून गेलं, उरलं ते डिंक होऊन बसलं. हे बघ, हा फ्लोट. हा पेट्रोलवर तरंगायला पाहिजे, खालचा हा पेला भरला की वर येऊन दार बंद करायचं काम याचं. आणि हा कसा बसलाय? चिकटून! सोफ्यावर बसलेल्या बाबासारखा.

आत्या : माझ्या भावाला बोलायचं काम नाही. ते माझं काम आहे.

मुलगी : मग कर ना! काल जेवताना एक शब्द तरी बोललीस?

आत्या : नाही बोलले, म्हणून तर आज सुट्टी टाकून इथे उकिडवी बसलेय ना, पोरी? माझे गुडघे काय म्हणतायत ते ऐकू येतंय तुला?

मुलगी : ते स्टूल घे ना मग. हिरो होऊ नकोस.

आत्या : परत एकदा सांग, काल तो नेमकं काय म्हणाला. मी डाळ वाढत होते, अर्धंच ऐकलं.

मुलगी : म्हणाला, "बंद गाडी आहे म्हणून हॉटेलवाल्याला देतोय. चालती असती तर कोणी तिचं टेबल केलं असतं का? उद्या ट्रक यायच्या आत ती स्वतःच्या ताकदीवर शेडबाहेर आणून दाखव. मी स्वतः त्याला नाही म्हणतो." आणि मग हसला. ते हसणं मला आवडलं नाही.

आत्या : मला त्याचं हसणं तो पाळण्यात होता तेव्हापासून आवडत नाही.

मुलगी : तो हॉटेलवाला इंजिन काढून फेकणार आहे, आत्या. छत कापणार. आत समोरासमोर बाकं टाकणार. आणि डिकीत, तुला माहितीय डिकीत काय? हात धुवायचं बेसिन!

आत्या : ज्या डिकीत मी लपून बसायचे?

मुलगी : त्याच! लोक खरकटे हात धुणार तिथे!

आत्या : दे तो पंप इकडे.

बाबा : काय डॉक्टरीणबाई, पेशंट वाचणार का?

आत्या : नातेवाइकांनी बाहेर थांबावं.

बाबा : ताई, तू सुद्धा हिच्या नादी लागलीस! अंगावर काय घातलंयस? माझा रेनकोट?

आत्या : तुझा आहे म्हणूनच घातलाय. डाग पडले तर वाईट वाटायला नको.

बाबा : बरं, सांगायला आलो होतो. ट्रकवाल्याचा फोन होता. दुपारी येणार होता, पण त्याचं दुसरं काम लवकर उरकलं. निघालाय म्हणे.

मुलगी : निघालाय? बाबा! तू त्याला दुपारीच ये म्हणून का नाही सांगितलंस?

बाबा : मी कशाला सांगू? लवकर तर लवकर. सुटका होईल.

मुलगी : कोणाची?

बाबा : सगळ्यांचीच. हे बघ, बाळा, चिडू नकोस. जरा विचार कर. ही शेड मोकळी झाली की इथे तुला खोली बांधून देतोय. खिडकीजवळ टेबल, भिंतभर फळी, दार लावलं की बाहेरचा आवाज नाही. पुढचं वर्ष किती महत्त्वाचं आहे तुला कळतं का?

मुलगी : मी मागितली होती खोली?

बाबा : मागावी लागते का आईबापांकडे?

मुलगी : नाही ना! न मागताच येतं सगळं. गिटार न मागता आली. पोहण्याचा क्लास न मागता लागला. ते स्केट्स, तेही तूच आणलेस.

बाबा : आणि सगळं सोडलं कोणी? तूच विषय काढलास म्हणून बोलतो. तुझ्या कपाटात अर्ध्या गोष्टींचं प्रदर्शन भरलंय. सुरुवात काय झोकात करतेस! बँडबाजा! आणि मग? आता हे बघ, चांगली बंद गाडी होती, एकसंध. तिचे नटबोल्ट उधळून ठेवलेस. संध्याकाळी कंटाळशील आणि हे सगळं मला पिशवीत भरावं लागेल.

आत्या : अरे, पोर आहे ती...

मुलगी : नको, आत्या, तू मधे पडू नकोस. बाबा, ऐक. हो, सोडलं मी. गिटार सोडली, पोहणं सोडलं, स्केट्स शेजारच्यांना देऊन टाकले. कारण ते सगळं तू निवडलं होतंस. हे मी निवडलंय. शेजारच्या काकूंची स्कूटर बंद होती, तिचा कार्बोरेटर मी उघडला आणि परत लावला, आणि काकू आता तिच्यावरून बँकेत जातात. तेव्हा तू घरी नव्हतास म्हणून तुला ते दिसलं नाही, एवढंच.

बाबा : स्कूटरला एक असतो. हिला दोन आहेत. आणि दोन्ही एकसारखे चालावे लागतात, नाहीतर इंजिन नुसतं लंगडतं. अप्पा अख्खा रविवार त्यांचे लाड करत बसायचे.

मुलगी : तुला माहितीय तर मग तू का नाही केलंस?

बाबा : प्रयत्न केला नाही असं वाटतं तुला? अप्पा गेल्यावर मी स्टार्टर मारून मारून बॅटरी संपवली.

मुलगी : स्टार्टरच मारलास ना? उघडून बघितलंस का?

बाबा : उघडून? त्यांनी शेवटचा घट्ट केलेला स्क्रू होता तो. मी उघडला असता आणि मला परत जमलं नसतं तर?

मुलगी : तर... तर परत उघडायचा, बाबा.

बाबा : तुला सोपं वाटतं सगळं. चहा टाकतोय. घेणार का?

आत्या : दोन कप. आणि साबण घालू नकोस, मागच्या वेळी कप नीट विसळला नव्हतास.

मुलगी : गेला?

आत्या : गेला. डोळे पूस. काळ्या हाताने नको गं! झालं, मिशी आली तुला.

मुलगी : मी रडत नाहीये. पेट्रोलचा वास जातोय डोळ्यांत. चल, वेळ नाहीये. जेट दोन्ही स्वच्छ. फ्लोट दोन्ही मोकळे. आता पिस्टन आणि वरच्या टोप्या. इंजिन हवा ओढतं तसा हा पिस्टन टोपीत वर चढतो, हवा कमी झाली की खाली उतरतो. बोटाने वर उचलून सोडला की टक्क आवाज करून खाली पडला पाहिजे. पुढच्या कार्बोरेटरचं सामान दे. वर्तमानपत्रावरचं.

आत्या : कुठलं वर्तमानपत्र?

मुलगी : कुठलं म्हणजे? पुढच्याचं सगळं सामान मी वर्तमानपत्रावर ठेवलं होतं आणि मागच्याचं टॉवेलवर.

आत्या : हां, ते. ते फार पसारा दिसत होतं. मी छान लावून ठेवलंय. हे बघ, या ट्रेमध्ये. टोप्या टोप्यांजवळ, पिस्टन पिस्टनजवळ, स्क्रू लहानापासून मोठ्यापर्यंत. सगळं एकत्र उकळत्या... म्हणजे त्या औषधात बुडवलं आणि ओळीत मांडलं.

मुलगी : एकत्र.

आत्या : एकत्रच करतात, बाई! माझ्याकडे सगळी हत्यारं एकाच ट्रेमध्ये जातात. काय झालं? तू अशी का बघतेस?

मुलगी : कोणती टोपी पुढची?

आत्या : दोन्ही सारख्याच आहेत की!

मुलगी : दिसायला! दिसायला सारख्या आहेत! प्रत्येक पिस्टन त्याच्या त्याच्या टोपीच्या मापाचा घासलेला असतो. ती जोडी असते, आत्या, जोडी! दुसऱ्याच्या टोपीत घातला तर अडकतो. तुझ्याकडे येणाऱ्या दोन आजोबांच्या कवळ्या तू एका भांड्यात धुतेस का?

आत्या : अगं बाई.

मुलगी : धुतेस का?

आत्या : नाही धूत. एकदा सहायिकेने धुतल्या होत्या, तिला मी घरी पाठवलं होतं. अगं बाई गं. मला पण घरी पाठव आता.

मुलगी : नाही पाठवणार. मला हात हवेत तुझे. हे धर. हा पिस्टन या टोपीत टाकून बघू. आता मी उलटी करते. सरकतोय का?

आत्या : अर्ध्यात थांबला. किंचित लागतंय बघ इथे, कडेला. एवढंसंच आहे गं. माझ्याकडे बारीक पॉलिश पेपर आहे, दोन हात मारले की...

मुलगी : पॉलिश पेपर पर्समध्ये ठेव! आज जो घासायची गोष्ट काढेल त्याला मी या डब्यात बुडवणार आहे. तो पिस्टन काढ. त्याला दुसरी टोपी दे. दोनच टोप्या आहेत, दोनच पिस्टन. किती चुकणार आपण? हं. कर उलटी.

आत्या : थांब, श्वास घेऊ दे. टाकते हं. गेला! गेला सुळकन! लोण्यातून गेल्यासारखा!

मुलगी : आता उरलेली जोडी. ये, ये, ये राजा... हा पण गेला! आत्या!

आत्या : मिठी नको! तेल! अगं तेल आहे तुझ्या... मार, आता मारलीच आहेस तर नीट मार.

मुलगी : पण यातली पुढची जोडी कुठली आणि मागची कुठली?

आत्या : ते माझ्यावर सोड. टोप्यांचे रंग बघ. ही जास्त काळवंडलीय, हिची ही बाजू सायलेन्सरच्या नळीच्या शेकाला असणार. आणि तिथे खाली बघ, मागच्या कार्बोरेटरच्या अंगावर तसाच काळा पट्टा आहे. हिरड्यांचा रंग बघून माणूस किती सिगारेटी ओढतो ते सांगते मी.

मुलगी : आत्या, तू हुशार आहेस.

आत्या : आत्ताच तर मला घरी पाठवणार होतीस.

बाबा : चहा. आणि ट्रक कोपऱ्यावर आलाय. बोळ अरुंद, वळवायला झगडतोय.

मुलगी : आलाच? आत्या, तो स्क्रू दे. तो नाही, लांब वाला. पंधरा मिनिटं दे, बाबा.

बाबा : ट्रक यायच्या आत असं ठरलं होतं.

मुलगी : फाटकातून आत आलाय का? नाही ना? मग यायचाय अजून. हं, टोप्या लागल्या. बॅटरी जोडलीस, आत्या?

आत्या : माझ्या गाडीची काढून आणलीय. मी घरी कशी जाणार विचारू नकोस.

बाबा : आणि ही बाटली कसली टांगलीय वर?

आत्या : सलाइन.

मुलगी : ताजं पेट्रोल. टाकी गंजलीय, तिचं नंतर बघू. बाटलीतून नळी थेट कार्बोरेटरला. शेडबाहेर यायला एवढं पुष्कळ. बाबा, मागे सरक. आत्या, बस आत. चोक पूर्ण ओढ. मी सांगितल्यावर मार. मार!

आत्या : काही होत नाहीये!

मुलगी : परत!

आत्या : खोकली! खोकली ती! ऐकलंस? अगं, चालू... बंद पडली.

बाबा : थांबा! थांबा दोघी! खाली बघा, पेट्रोल गळतंय! चावी काढ, ताई! वेड लागलंय का तुम्हाला? आग लागेल! बास. खूप झालं. खूप मेहनत केलीस, बाळा, मी मानतो, पण बास आता. मी त्याला हूक लावायला सांगतो.

मुलगी : नाही.

बाबा : हे बघ...

मुलगी : नाही, बाबा. नाही झालं खूप. तू याच ठिकाणी थांबला होतास. चालू झाली नाही म्हणून दार लावून टाकलंस आणि चावी खिळ्याला टांगलीस. मी नाही लावणार दार. गळतंय, पण का गळतंय ते मला माहितीय. पुढच्या पेल्याचा फ्लोट वर आलाय, पण पेट्रोलचं दार बंद करणारी त्याची सुई उघडीच अडकलीय. तू घाबरलायस ना? मग ती वाळूची बादली आण आणि इथे उभा राहा. घाबर, पण उपयोगी पड!

आत्या : ऐकलं नाहीस? बादली!

बाबा : तुम्ही दोघी मला... हं. ही घ्या बादली. आता?

मुलगी : आता नळी चिमटीत धर. घट्ट. पेट्रोल थांबलं? फडक्याने सगळं टिपून घेते. सगळं. खाली पण. आता या पेचकसाची मूठ... लाकडी आहे ना... पेल्याच्या कुशीत हळूच...

आत्या : दोनदा. आमच्याकडेही दोनदाच ठोकतात.

मुलगी : टक. टक. सोड नळी, बाबा. हळू.

बाबा : सोडली.

मुलगी : बघ. गळतंय?

बाबा : थांब. एक थेंब होता, तो मघाचाच. नाही. नाही गळत.

मुलगी : नक्की?

बाबा : मी बोट लावून बघतोय ना. कोरडं आहे. आणि तुझ्या मागच्या कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू जरा जास्त आत गेलाय बहुतेक. पुढच्यापेक्षा. अप्पा दोन्हींच्या तोंडाशी रबरी नळी धरून कान लावायचे. दोन्हीकडून एकच फुसफुस आली पाहिजे म्हणायचे.

मुलगी : तू मला हे आता सांगतोयस?

बाबा : तू विचारलंस कधी?

मुलगी : तू शेडमध्ये आलास कधी? धर ती नळी. कान तुझा, स्क्रू माझा. आत्या, चोक अर्धा. आता मार!

आत्या : हे घ्या! देवा रे! चालू झाली! अगं चालू झाली!

मुलगी : सोडू नकोस! पाय ठेव! बाबा, बोल, मागच्यातून काय येतंय?

बाबा : जोरात आहे! पुढचा मंद!

मुलगी : मागचा कमी करते. आता?

बाबा : अजून. अजून थोडा. नाही, गेला पुढे, परत ये. तिथे! तिथेच! हात काढ!

आत्या : काय बोलताय दोघं, मला काही ऐकू येत नाही! आणि हा धूर!

मुलगी : जाईल तो! डिंक जळतोय! आता चोक सोड, आत्या! पूर्ण!

आत्या : सोडला! बंद पडेल का?

मुलगी : नाही पडणार.

आत्या : नाही पडली.

बाबा : तो बघ, हॉर्न वाजवतोय. फाटकात येऊन थांबलाय.

मुलगी : बाबा, आता तू सांग त्याला.

बाबा : पोरी, मी त्या हॉटेलवाल्याला शब्द दिलाय गं. मोठा माणूस आहे, चारचौघांत काय तोंड दाखवू? अजून शेडबाहेर तर आलेली नाही ती...

मुलगी : येईल. ट्रक समोर फाटकात आडवा आहे म्हणून थांबलीय. आणि शब्द मलाही दिलायस. काल, जेवताना, सगळ्यांसमोर. तुझ्याकडे आता दोन शब्द आहेत, त्यातला एक मोडणारच. माझा मोडायला सोपा, कारण मी घरातली, मी चिडेन, दार आपटेन, संध्याकाळी जेवायला येईन. तेच ठरवून बोलला होतास ना?

बाबा : मला वाटलं नव्हतं की...

मुलगी : माहितीय, तुला वाटलं नव्हतं. म्हणून तर दिलास शब्द. पण मी हसण्यावारी घेतला नाही, बाबा. मी कार्बोरेटर उघडले. दोन्ही. आणि लावले पण. आता मला अर्ध्यात सोडणारी म्हणायची सोय नाही राहिली तुला.

आत्या : भाऊराया, माझ्या पायाला गोळा येतोय. काय ते ठरव. बाटलीतलं पेट्रोल तुझ्या विचारांइतकं लांबणारं नाही.

बाबा : किती सुरेख फिरतंय गं. मी विसरलोच होतो हा आवाज.

मुलगी : बाबा.

बाबा : जातो, जातो. अहो! अहो, ट्रकवाले! नाही, हूक राहू द्या. तुमच्या मालकाशी मी बोलतो नंतर. तेवढा ट्रक जरा मागे घ्या, आमची गाडी बाहेर येतेय.